कुरणशाळा आणि होमरूम

‘पास्टोरल केअर’ या संज्ञेला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्ही दोघी बराच काळ अडखळलो. ‘विद्यार्थी-कल्याण’ सरकारी परिपत्रकासारखे वाटते, ‘संगोपन’ फार घरगुती, आणि ‘समुपदेशन’ हा तर त्यातला एक तुकडाच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मेंढपाळ. धर्मगुरूने आपल्या कळपाची घ्यावयाची काळजी इंग्लंडातील निवासी शाळांनी हाऊसमास्तरावर सोपवली, आणि तिथून ती आंतरराष्ट्रीय शाळांच्या गुळगुळीत माहितीपुस्तकांत आली. आमच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उठू लागले, तशी ही पुस्तके ओळखीच्या घरांतील टीपॉयवरही दिसू लागली. मराठीच्या प्राध्यापिका म्हणून आमचा सल्ला कोणी विचारत नाही. पण वाचण्याची खोड असल्याने आम्ही ती वाचतो.

यांतील बऱ्याच शाळा १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ची चौकट स्वीकारतात. अकरा ते सोळा या वयोगटासाठी आठ विषयगट. प्रत्येक घटक एखाद्या संकल्पनेभोवती गुंफलेला. पुढील दोन वर्षांच्या डिप्लोमात सहा विषय, शिवाय ज्ञानाच्या स्वरूपाची चिकित्सा करणारा एक अभ्यास, चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध, आणि कला-क्रीडा-सेवा यांचा अनिवार्य अनुभव. एकूण गुण पंचेचाळीस. हे सारे येथेच आटोपते घेतो, कारण आम्हांला खरी असूया वाटली ती साहित्याच्या प्रश्नपत्रिकेची. पहिली प्रश्नपत्रिका पूर्णतः अपरिचित उताऱ्यावर. दुसरीत दोन साहित्यकृतींची तुलना. त्याखेरीज पंधरा मिनिटांची तोंडी परीक्षा, आणि तीत एक उतारा अनुवादित कृतीतला हवा. ज्या विद्यापीठीय व्यवस्थेत नेमलेल्या पुस्तकापेक्षा त्याचे गाइड आधी विकले जाते, तिथे आयुष्य घालवलेल्यांना ही असूया वाटणारच.

पास्टोरल केअरचे सर्वसाधारण रूप असे: रोज सकाळी पंधरा-वीस मुलांचा गट आपल्या होमरूमच्या शिक्षकापाशी जमतो. तो शिक्षक त्यांना विषय शिकवीलच असे नाही, परंतु कोण गप्प आहे, कोण डबा न खाता परत नेते, हे त्याने जाणायचे असते. त्यामागे समुपदेशक, बालसंरक्षणाचे लेखी धोरण, पालकांशी ठरलेला संवाद. यात हसण्यासारखे काही नाही. फीचा आकडा ऐकून हसू येते ते वेगळे.

आणि हे सारे आपल्याकडे नवीन आहे, असेही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभले; अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा मुलूख २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर या बायका शाळाच कुरणात घेऊन गेल्या. तिचे नावच कुरणशाळा. लॅटिन धात्वर्थाशी इतका इमान राखणारी ‘पास्टोरल’ शाळा इंग्रजांनाही सुचली नसेल! मूल कुठे आहे, ते तिथे का आहे, हे आधी पाहायचे आणि अभ्यासक्रम त्यानुसार वाकवायचा, हा क्रम तिथे होता. माहितीपुस्तकांत अभ्यासक्रम एका प्रकरणात आणि काळजी दुसऱ्यात असते.

आमच्या इमारतीतील एक मुलगी अशाच एका शाळेत अकरावीला आहे. तिने अनुवादित कृती म्हणून तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेतले, प्रिया आडारकरांच्या इंग्रजीतून. मूळ मराठी प्रत मागायला ती आमच्याकडे आली. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकावर आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत: अभिरूप न्यायालय, मध्यमवर्गीय क्रौर्य, बेणारेचे स्वगत. मुलीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मावशी, पण बेणारे तर टीचर होती ना? त्या शाळेत तिच्याशी बोलणारं कुणीच नव्हतं का?”

प्रश्न भाबडा म्हणून सोडून देता आला असता. पण नाटकात बेणारे वेळेवर वर्गात जाणारी, मुलांना आवडणारी शिक्षिका आहे, आणि संस्थाचालकांनी तिला काढण्याचे ठरवले आहे ही गोष्ट भर खटल्यात, तिच्यादेखत उघड केली जाते. मुलांची काळजी घेणाऱ्या बाईची काळजी हा प्रश्न तिथे कुणाच्या मनातही नाही. आम्ही त्या मुलीला उलट विचारले, तुमच्या होमरूमच्या बाईंचे कोण ऐकते? ती म्हणाली, “माहीत नाही. त्या दर वर्षी बदलतात.”

आमच्या एका महाविद्यालयात मूल्यांकन समिती यायची असली की मार्गदर्शक-विद्यार्थी नोंदवही भरली जाते. ती भरणाऱ्यांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक अधिक. पुढील जूनमध्ये आपण असू की नाही, हे त्यांना ठाऊक नसते, आणि वहीत त्यांच्या नावापुढे चाळीस मुले लिहिलेली असतात.

मुलीने आपल्या तोंडी परीक्षेसाठी नोकरी गमावण्याचा तो प्रसंग निवडला आहे. दर रविवारी ती मूळ संवाद मोठ्याने वाचते. मराठी उच्चार अडखळतात, आम्ही सुधारतो.