समुद्र की महानगर?

लक्ष्मीपूजन आटोपले, नव्या वह्यांवर कुंकवाची स्वस्तिके उमटली आणि दुकाने चार दिवस बंद झाली, की व्यापारी घरांतून एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचे? वर्षभर गादीवर बसणाऱ्या माणसाला सुट्टी मोजकीच मिळते. म्हणून ती कुठे खर्च करावी याचा विचारही तो मोजूनमापून करतो. जालन्यातील एका कापडव्यापाऱ्याच्या घरी हा विचार एका वर्षी बराच लांबला. नुकत्याच दुकानात बसू लागलेल्या वीस वर्षांच्या मुलाला कोलकाता पाहायचे होते. पंचाहत्तरी गाठलेल्या त्याच्या आजीची इच्छा एवढीच होती, की एकदा समुद्रातून उगवणारा सूर्य पाहावा. मुंबई आणि कोकण तिने पाहिले होते. परंतु तेथे सूर्य समुद्रात मावळतो. तो उगवताना पाहायचा तर पूर्वकिनारा गाठला पाहिजे. तिच्या मनात पुरी होती.

हावडा ते पुरी हे अंतर रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचे. मग दोन्ही का पाहू नयेत, असे कोणालाही वाटेल. परंतु जालन्याहून रस्त्याने भुसावळ आणि तेथून दीड हजार किलोमीटरची रेल्वे, असा जाण्यायेण्याचा हिशेब मांडला की आठ दिवसांच्या सुट्टीतील जेमतेम चार दिवस हाती उरतात. त्या चार दिवसांत दोन शहरे पाहणे म्हणजे दोन्ही न पाहणे. वृद्ध माणूस बरोबर असेल तर लागोपाठची धावपळ अंगावर येते. निवड अटळ होती.

व्यापाऱ्याच्या मुलाने कोलकात्याची ओढ धरावी यात नवल नाही. हावडा स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर हुगळी आणि तिच्यावरील तो प्रचंड पूल दिसतो. १९४३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलाच्या उभारणीत नट-बोल्टऐवजी रिव्हेट वापरले आहेत, आणि नदीच्या पात्रात त्याला एकही खांब नाही. पुलापलीकडे मल्लिक घाटावरचा फुलबाजार आणि त्याच्याही पुढे बडाबाजार लागतो. कापड, सूत, मसाले, भांडी, कागद, प्रत्येक मालाची स्वतंत्र गल्ली आणि स्वतंत्र कटरा. डोक्यावर गठ्ठे घेतलेल्या हमालांच्या रांगेतून वाट काढत अर्धा दिवस जरी हिंडले, तरी घाऊक व्यापार कशाला म्हणतात हे तरुणाला पुस्तकाविना उमगते. बंगालच्या व्यापाराशी जैनांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात मुर्शिदाबादेत नवाबांनाही कर्ज पुरविणारे जगत्‌शेठ हे ओसवाल जैन घराणे होते.

बाजार हे त्या शहराचे एक अंग झाले. १८१४ साली स्थापन झालेले भारतीय संग्रहालय पाहायला एक पूर्ण दिवसही अपुरा पडतो. भरहूतच्या स्तूपाचे कोरीव कठडे तेथे आहेत. १९२१ मध्ये खुले झालेले व्हिक्टोरिया मेमोरियल मकराण्याच्या संगमरवराचे आहे. कॉलेज स्ट्रीटवर जुन्या-नव्या पुस्तकांची दुकाने पदपथावर उतरली आहेत. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली ट्राम ज्या शहरात धावली, तेथेच १९८४ मध्ये देशातील पहिली मेट्रो सुरू झाली, आणि २०२४ पासून मेट्रो हुगळीच्या पात्राखालूनही जाते. गौरीबाडीतील बद्रीदास मंदिर १८६७ साली उभे राहिले. मूळनायक शीतलनाथ भगवान असूनही लोक त्याला पारेशनाथ मंदिर म्हणतात. रंगीत काचांच्या तुकड्यांची तेथील नक्षी आणि पुढचे उद्यान पाहताना बाहेरच्या गर्दीचा विसर पडतो.

पुरीत पाहण्यासारखे थोडे आणि बसण्यासारखे पुष्कळ आहे. बाराव्या शतकातील जगन्नाथ मंदिराचे उंच शिखर दुरूनच दिसते. सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा. मराठ्यांच्या अंमलात तो पुरीत आणला गेला. १७५१ ते १८०३ या काळात ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. याच मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने १७४२ साली कोलकात्याच्या भोवती ‘मराठा खंदक’ खणण्यास आरंभ झाला होता. स्वारी तेथवर पोहोचलीच नाही आणि अर्धवट राहिलेला खंदक पुढे बुजवून त्यावर रस्ता झाला. मराठी प्रवाशाला एका शहरात आपल्या पूर्वजांची भीती भेटते, तर दुसऱ्या शहरात त्यांची सेवा.

पुरीहून पस्तीस किलोमीटरवर कोणार्कचे चोवीस चाकांचे सूर्यमंदिर आहे, तर पन्नासेक किलोमीटरवर चिल्का सरोवर. सातपाड्याहून नावेने गेल्यास तेथे इरावती डॉल्फिन दिसतात. रघुराजपूर गावात पट्टचित्रे रंगविणाऱ्यांची घरे एकमेकांना लागून आहेत. ओसरीवर बसून कारागिराचे काम पाहता येते. हे सारे पाहूनही वेळ उरतो, आणि तो किनाऱ्यावर जातो.

हा समुद्र मात्र दिसतो तितका सौम्य नाही. लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि परतीचा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही आत खेचतो. वेताची टोकदार टोपी घातलेले नुलिया, म्हणजे तेथील तेलुगू बोलणारे कोळी, पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना हात धरून स्नान घालतात. मुलांना गुडघाभर पाण्यापलीकडे त्यांच्याविना जाऊ देऊ नये. संध्याकाळी स्वर्गद्वाराच्या बाजूला मासळी तळणाऱ्या गाड्या लागतात आणि तेथे स्मशानही आहे. ज्यांना त्याचा त्रास वाटतो त्यांनी गर्दीपासून दूरचा किनारा निवडावा.

आहाराचा प्रश्न दोन्हीकडे वेगळा आहे. कोलकात्यात माशांचे प्राबल्य असले तरी बडाबाजाराच्या परिसरात शाकाहारी भोजनालये विपुल आहेत, आणि सांगितल्यास कांदा-लसणाविना ताट मिळते. पुरीचा महाप्रसाद मातीच्या हंड्या एकावर एक रचून लाकडाच्या विस्तवावर शिजतो. त्यात कांदा, लसूण, बटाटा नसतो. परंतु अळकुड्यांसारखे कंद असतात. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी हे विचारूनच घ्यावे. घरी नेण्यासाठी पुरीचा खाजा उत्तम, कारण तो प्रवासात टिकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट घड्याळाची आहे. कोलकात्याचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो आणि आधीच मावळतो. कार्तिकात तेथे पाच वाजण्याच्या सुमारास सूर्यास्त होतो. जालन्यातील सवयीने साडेपाचला ताट वाढण्याचा बेत केला, तर चौविहार पाळणारी आजी उपाशी राहील. पुरीतही फरक थोड्याच मिनिटांचा. पूर्वेकडे जाणाऱ्याने दिवसाचा सारा क्रम तासभर अलीकडे ओढला पाहिजे.

आणि ऋतू? व्यापाऱ्याची सुट्टी दिवाळीला येते. बंगालच्या उपसागरातील वादळांचे दिवसही तेच. १९९९ चे महाचक्रीवादळ ऑक्टोबरच्या अखेरीस ओरिसावर आदळले. शिवाय कार्तिकाच्या शेवटच्या पाच दिवसांत पुरीत भाविकांची अलोट गर्दी होते. कोलकात्याला मात्र तोच काळ अनुकूल असतो : पाऊस सरलेला, उकाडा ओसरलेला, आणि कार्तिकी पौर्णिमेला जैन समाजाची रथयात्रा. पुरीला जावे ते पौष-माघात. तेव्हा हवा कोरडी असते आणि सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असल्याने तो थेट पाण्यातूनच वर येतो.

जालन्यातील घरात या टप्प्यावर मुलाची बाजू भक्कम झाली. सुट्टी दिवाळीची, ऋतू कोलकात्याचा, आणि पाहण्यासारखेही तिकडेच अधिक. आजीने स्वतःच म्हटले, “मुलाला बाजार पाहू द्या. माझे काय, मी कुठेही माळ घेऊन बसेन.” वडिलांनी मात्र त्या रात्री वेगळा हिशेब मांडला. बडाबाजाराशी दुकानाचा व्यवहार होताच; आज ना उद्या मुलाला मालाच्या खरेदीसाठी तेथे जावेच लागणार होते. महानगर कामानिमित्त पुनःपुन्हा घडते. समुद्रासाठी मात्र मुद्दाम निघावे लागते, आणि आईचे गुडघे आणखी किती वर्षे साथ देतील हे कोणाला सांगता येणार होते? थांबू शकणाऱ्याने थांबावे, हाच न्याय होता.

याची किंमत होती. माघ म्हणजे लग्नसराईचे दिवस. गिऱ्हाईक दारात उभे असताना मालकाने आठ दिवस बाहेर राहायचे. अखेर वडिलांनी किल्ल्यांचा जुडगा मुलाच्या हाती दिला. मुलाचा चेहरा क्षणभर उतरला, मग गंभीर झाला. कोलकाता हुकले होते, पण दुकान प्रथमच त्याच्या एकट्याच्या हाती आले होते. पुढच्या कार्तिकातील हावड्याचे तिकीट वडिलांनी त्याला कबूल केले.

पुरीत तीन पहाटे धुके होते. सूर्य वर आला तो फिकट, हातभर चढल्यावर. आजी काही बोलली नाही. चौथ्या दिवशी क्षितिज स्वच्छ होते. आधी पाण्यावर तांबूस रेघ उमटली, मग कोळ्यांच्या काळ्या नावा दिसू लागल्या, आणि पाहता पाहता लाल बिंब पाण्यातून सुटून वर आले. आजी वाळूवर पाय पसरून बसली होती. लाटेचे पाणी तिच्या टाचांना लागून मागे जात होते. ऊन अंगावर येईपर्यंत ती उठली नाही.

त्याच दिवशी परतीच्या वाटेवर भुवनेश्वरनजीकच्या उदयगिरी-खंडगिरीपाशी गाडी थांबली. दोन हजार वर्षांपूर्वी कलिंगाधिपती खारवेलाच्या काळात जैन साधूंच्या निवासासाठी या टेकड्यांत गुंफा खोदल्या गेल्या. हाथीगुंफेतील त्याचा सतरा ओळींचा ब्राह्मी शिलालेख विख्यात आहे. मगधाच्या नंद राजाने नेलेली कलिंगाची जिनप्रतिमा आपण परत आणली, अशी नोंद त्यात आहे. आजीला चढ झेपण्यासारखा नव्हता. ती पायथ्याशी झाडाखाली बसली आणि दहा वर्षांची नात वडिलांसह वर गेली. उतरताना ती धावतच आली. “आजी, वर दगडावर पहिलेच काय लिहिले आहे माहीत आहे? अरिहंतांना आणि सर्व सिद्धांना नमस्कार. तू सकाळी म्हणतेस तेच!”

आजीने टेकडीकडे तोंड करून हात जोडले. मग नातीला जवळ बसवून तिने विचारले, “अक्षरे पुसट झाली आहेत का गं?”

“काही झाली आहेत,” नात म्हणाली, “पण पहिली ओळ आहे.”

त्या संध्याकाळी पाचलाच जेवणे उरकून मंडळी गाडीत बसली. रात्री जालन्याहून मुलाचा फोन आला : आठ दिवसांचा हिशेब जुळला होता, एक जुनी उधारीही वसूल झाली होती, आणि आजीला सूर्य दिसला का, असे तो विचारत होता.