बायजा ताल

मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली त्याला आता चाळीस वर्षं होतील. रोज सकाळी ती बायजा तालाला पाच फेऱ्या मारते. निघताना डाव्या मुठीत पाच चिंचोके घेते आणि फेरी संपली की एक उजव्या मुठीत. वर्षानुवर्षं हाताळून ते इतके गुळगुळीत झालेत की तेल लावल्यासारखे चमकतात.

मी कोल्हापूरची, रंकाळ्याला फेऱ्या मारत वाढलेली. त्यामुळे पाण्याकडेनं चालायला निघाले की पाय आपोआप वेग धरतात. मावशीनं दंड धरून थांबवलं. "हळू चाल. सावली सोडू नकोस." एका बाजूला मोतीमहाल, तळ्याच्या मधोमध तरंगता रंगमंच, आणि आम्ही दोघी झाडाझाडाखालून. जून होता. सावली सुटली की सात वाजताच ऊन मानेवर चटका देत होतं.

दुसऱ्या फेरीला मी विचारलं, "बायजा म्हणजे कोण गं?"

ती थबकलीच. "बायजाबाईसाहेब! तुमच्या कागलच्या!"

कागल आमच्यापासून वीसेक किलोमीटर. तिथल्या घाटग्यांची ही लेक. १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी लग्न झालं. दौलतरावांनी १८१० मध्ये इथे तळ दिला आणि त्या छावणीचंच पुढे लष्कर हे गाव झालं. मावशीचं सासर तिथलंच. १८२७ मध्ये दौलतराव वारले, तेव्हापासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी पाहिला. मग सत्ता गेली, ग्वाल्हेर सोडावं लागलं. काशीच्या ज्ञानवापी विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांनीच बांधवला.

जवळच फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८ च्या जूनमध्ये त्या इथेच पडल्या. लक्ष्मीबाई आम्हाला शाळेत होत्या, पाठ होत्या. बायजाबाईंचं नाव मात्र कुणी काढलं नाही, तेही कागलच्या इतक्या जवळ राहून. मला त्याचं फार वाईट वाटलं. इथे रिक्षावालाही दिवसातून दहादा ते नाव घेतो.

"बसून जा जरा," मावशी म्हणाली. तिच्या मराठीत हिंदी अशी मुरली आहे, आणि मला ती ऐकतच राहावीशी वाटते. "पाय दुखून आले असतील."

पायरीवर बसलो. पाण्यातल्या खांबावर एक खंड्या होता. त्यानं सूर मारला, मासा घेऊन परत आला, दोनदा खांबावर आपटला आणि गिळला. निळ्या पंखांवरून पाणी ओघळत होतं.

मावशीनं डावी मूठ उघडून दाखवली. अजून तीन चिंचोके होते.