माघार घेणारा शत्रू

प्राचीन काळावरच्या डावपेचांच्या खेळात संगणकाच्या बाजूने खेळणारा प्रतिस्पर्धी कसा वागेल हे लिहिणं, हा माझा अनेक वर्षांचा रात्रीचा उद्योग आहे. खेळाचं नाव ‘झिरो ए. डी.’. २००९ साली त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यातला ‘पेट्रा’ नावाचा बॉट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. ज्याला हवा त्याने उघडावा, वाचावा, बदलावा. रोमन, कार्थेजी, स्पार्टन, इराणी आणि आपले मौर्य, या सगळ्यांच्या वतीने तोच डोकं चालवतो. त्याच्यावरून केलेली माझी एक स्वतंत्र प्रत आहे आणि तिच्यात मी रमतो.

खेळणाऱ्यांची मागणी नेहमी एकच असते: शत्रू आणखी अवघड करा. खेळात त्याची सोय आकड्यांनी केलेली आहे. मध्यम पातळीवर बॉटचा साधनं गोळा करण्याचा वेग १.०० धरला, तर ‘अवघड’ला तो १.२५ होतो, ‘अति अवघड’ला १.५६ आणि सर्वांत सोप्या पातळीवर ०.४२. म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरचा शत्रू अधिक शहाणा नसतो, अधिक श्रीमंत असतो. नवशिक्याला आणि मुरलेल्याला एकाच बॉटशी खेळता यावं यासाठी हे लागतंच. पण मला ओढ आहे ती वेगळ्या प्रश्नाची: हातात आहे तेवढ्यात हा गडी काय करतो?

या खेळातला सामान्य सैनिक लढतो, आणि एरवी लाकूडही तोडतो, खाणीतही राबतो. त्यामुळे मोहिमेवर धाडलेला प्रत्येक भालाईत हा घरच्या कामातून उठवलेला माणूस असतो. स्वारी लांबली की कोठार आटतं. पेट्राकडे हल्ल्याचे चार प्रकार आहेत, सुरुवातीच्या झटपट धाडीपासून सगळी ताकद लावून केलेल्या महाआक्रमणापर्यंत. शिवाय त्याच्या स्वभावाचे तीन आकडे आहेत: आक्रमकता, सहकार आणि बचाव, प्रत्येक शून्य ते एकच्या दरम्यान. हल्ला सुरू कसा करायचा याचा विचार तिथे भरपूर झालेला आहे. मला पछाडलं ते हल्ला सोडायचा कधी, या प्रश्नाने.

वरवर पाहता नियम सोपा वाटतो. आपलं बळ भागिले समोरचं बळ. उत्तर ठरावीक आकड्याखाली गेलं की परत फिर. पण बॉट सतत विचार करत नसतो. पेट्राची पाळी खेळाच्या आठ टर्नांतून एकदा येते, आणि एकट्याने खेळताना एक टर्न २०० मिलिसेकंदांचा धरला तर तो साधारण दीड सेकंदाला एकदा डोळे उघडतो. डोळे उघडले, बळ कमी दिसलं, फौज वळली. पुढच्या पाळीला मागून कुमकेचे चार धनुर्धारी येऊन मिळाले, बळ पुरेसं दिसलं, फौज पुन्हा पुढे. त्यातले दोन पडले, पुन्हा मागे. तटावरून बाण पडताहेत आणि वेशीबाहेर सबंध सैन्य जागच्या जागी हेलकावे खातंय, हे दृश्य मला पाहवत नाही. त्या क्षणी समोरच्या खेळाडूच्या मनातला शत्रू मरतो आणि उरतो फक्त प्रोग्राम.

म्हणून उंबरठे दोन हवेत. माघारी निघण्याचा वेगळा, हल्ल्यावर परतण्याचा वेगळा. बळ ०.६ च्या खाली गेलं की निघायचं, आणि १.१ च्या वर गेल्याशिवाय पुन्हा वळायचं नाही. या दोन आकड्यांमधल्या जागेत निर्णयाला टिकायला अवसर मिळतो. आक्रमक स्वभावाच्या बॉटला मी निघण्याचा आकडा खाली देतो, बचाव करणाऱ्याला वर. एकदा निघाल्यावर स्वतःच्या हद्दीत पोचेपर्यंत प्रश्न पुन्हा उघडायचा नाही, हाही नियम आहे.

समोरचं बळ म्हणजे नेमकं कुणाचं, हेही ठरवावं लागतं. संगणकाच्या पोटात सगळाच नकाशा असतो. आपली माणसं जिथे नाहीत त्या भागावरच्या धुक्याआडचं न दिसणं त्याला नियम म्हणून लावून द्यावं लागतं. माझा बॉट त्याच्या माणसांना दिसतं तेवढंच मोजतो. जंगलाआड घोडदळ दडवून ठेवणाऱ्या खेळाडूच्या सापळ्यात तो सापडतो, आणि सापडावाच. रचलेला सापळा फळाला आला नाही, तर खेळणाऱ्याने तो रचावा कशासाठी?

या कामात मला सर्वांत अधिक आधार मिळाला तो कौटिलीय अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणाचा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली, मुंबई विद्यापीठाने १९६० साली प्रकाशित केलेली चिकित्सक संहिता आजही अभ्यासाला घ्यावी अशी आहे. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव ही सहा धोरणं तिथे क्रमाने येतात. त्यातलं आसन मला फार मोलाचं वाटतं. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला मोडू शकत नसेल, तर बसून राहावं. आणि हे बसणंही धोरणच. बॉटच्या कोडमध्ये ‘काही न करणं’ हे बहुधा बाकीच्या अटी फसल्यावर उरतं. मी त्याला स्वतःचं स्थान दिलं, स्वतःच्या अटी दिल्या. तेव्हापासून माझे मौर्य सीमेवर छावणी करून थांबतात तेव्हा ते कशाची तरी वाट पाहत आहेत हे समजतं, आणि खेळणारा अस्वस्थ होतो.

मौर्यांची माघार मात्र सगळ्यांत किचकट. तटबंदी फोडायला त्यांचे हत्ती लागतात आणि हत्ती सावकाश चालतात. सगळ्यांना एकदम ‘परत’ म्हटलं की घोडेस्वार घरी पोचतात आणि हत्ती वाटेत एकटे मारले जातात. म्हणून आधी हत्ती निघतात, मग पायदळ. घोडदळ मागे राहून पाठलाग करणाऱ्यांना अडवतं आणि शेवटी सुटतं. या खेळातला चंद्रगुप्त स्वतः हत्तीवर आहे. नायक पडला की डाव संपतो, असा खेळाचा एक प्रकार आहे. त्यात तो मोहिमेवर असेल, तर निघण्याचा आकडा मी ०.६ वरून ०.९ वर नेतो.