ब्रेक्झिटरावांस, चकलीच्या पार्सलावरून

श्री. रा. रा. ब्रेक्झिटराव यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, डब्लिनला पाठवलेलं फराळाचं पार्सल दिवाळी उलटून अकरा दिवसांनी माझ्याच दारात परत आलं. चिवडा धड होता, चकल्यांचा भुगा झाला होता. फॉर्ममधला कुठलासा रकाना चुकला म्हणे. लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण आपली ओळख दहा वर्षांची, म्हणून लिहायचं धाडस.

2020 सालच्या डिसेंबरपर्यंत मी काय करत होते? पत्ता लिहायचा, वजन करायचं, पावती पर्समध्ये टाकायची. आता वस्तूचा सांकेतिक क्रमांक लिहा, किंमत लिहा, मूळ देश लिहा. चकली बिस्किटात मोडते का हो? आणि मूळ देश कुठला? भाजणी पुण्याहून आईनं दळून पाठवलेली, तेल इथल्या दुकानातलं, तळली लंडनजवळच्या स्लाउमधल्या माझ्या ओट्यावर. युरोपीय संघाशी तुमचा करार 24 डिसेंबर 2020 ला ठरला, 1246 पानांचा. त्यात आयातशुल्क शून्य आहे, ते खरं. पण माल इथलाच आहे हे दाखवता आलं तर. शुल्क माफ झालं म्हणून कागद माफ होत नाहीत, हे मला तुमच्यामुळे कळलं. त्याच करारात एके ठिकाणी केव्हाच मोडीत निघालेल्या नेटस्केप कम्युनिकेटरला आधुनिक ईमेल सॉफ्टवेअर म्हटलंय. जाऊ द्या. घाईत जुनी यादी उतरवली की लग्नाच्या पत्रिकेत वारलेले काकाही निमंत्रक होतात.

बरं, तिकडून येणाऱ्या मालाचं काय? इथून जाणाऱ्या चकलीला 1 जानेवारी 2021 पासून हटकणं सुरू. तिकडून येणाऱ्या चीजची प्रत्यक्ष तपासणी मात्र पुढे ढकलत ढकलत एप्रिल 2024 उजाडला. घर आपलं आणि कुलूप फक्त आतून बाहेर जाणाऱ्यांना, अशी तऱ्हा.

23 जून 2016 चं सार्वमत आठवतं. मी भारतीय पासपोर्टवर मत दिलं. कॉमनवेल्थची नागरिक ना मी! शेजारची पोलिश नर्स बारा वर्षं कर भरत होती, तिला मत नव्हतं. तिनं त्या दिवशी माझ्या मुलीला सांभाळलं आणि मी तिच्या भवितव्याचा निकाल लावायला रांगेत उभी राहिले. गल्लीच्या तोंडाशी करी हाऊस चालवणारे सिल्हेटचे चाचा तुमच्या बाजूचे. युरोपचे लोक कमी झाले की आपल्याकडून आचारी आणता येतील, असं प्रचारात त्यांना सांगितलं होतं. प्रचाराच्या बसवर युरोपला दर आठवड्याला जाणाऱ्या 35 कोटी पौंडांचा आकडा रंगवलेला. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजा करायची राहून गेली होती. दुसऱ्या बाजूला अर्थखातं सांगत होतं, बाहेर पडलात तर लगेच वर्षभर मंदी, पाच लाख बेकार. तुम्हाला 51.9 टक्के मिळाले. स्लाउनंही तुम्हालाच कौल दिला.

मंदी आली नाही. बेकारी वाढायची ती घटली. पौंड तेवढा त्याच रात्री घसरला, डॉलरपुढे 1985 नंतरच्या तळाला गेला, आणि आईला पाठवायचे पैसे सकाळी उठेपर्यंत कमी झाले. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर वाद सुरू आहे, तो अजून आवरलेला नाही. ह्यांनी सरकारी अंदाजपत्रक कार्यालयाचा आकडा काढायचा: उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी. चाचांनी म्हणायचं, तो कोरोना, ते युक्रेनचं युद्ध. ह्यांनी म्हणायचं, ती संकटं फ्रान्सवर नव्हती का? बिर्याणी गार.

यात खरी अडचण अशी की, तुमच्याशिवायचं ब्रिटन कुणी पाहिलेलंच नाही. जॉन स्प्रिंगफर्ड नावाच्या अर्थतज्ज्ञानं ते कागदावर शिजवून पाहिलं: थोडी अमेरिका, थोडी जर्मनी, चवीपुरतं न्यूझीलंड. मग त्या आमटीशी खऱ्या ब्रिटनची तुलना. हिशेब पटण्यासारखा आहे, पण चाचांना आमटीच मान्य नाही. आणि ज्या दिवशी तुम्ही गृहप्रवेश केलात, 31 जानेवारी 2020, त्यानंतर दोन महिन्यांत सगळं जग घरात बसलं. दुधात दोन लिंबं पिळल्यावर कुठल्या लिंबानं नासलं, हे कसं ठरवायचं?

मला विचाराल तर तोटा खरा आहे. मात्र तो भिंतीतल्या ओलीसारखा येतो. माझ्यापुरतं सांगते. युरोपात आठ घरं होती माझी, फराळाची. डब्लिनची तीन, बाकी हॉलंड-जर्मनीची. यंदाच्या पार्सलानंतर मी ती यादी फाडली. माझं दुकान बंद झालं नाही, कुणी रस्त्यावर आलं नाही, टीव्हीवर यायचं तर सोडाच. पण ते चार टक्के असल्याच आठ-आठ घरांचे बनलेले असणार. बसवर रंगवायला ते फारच किरकोळ, आणि मंदीचा बागुलबुवा करायलाही.

तुमच्या खात्यावर जमाही आहे, ती लपवत नाही. भारताशी 24 जुलै 2025 ला करार झाला. युरोपात राहून ब्रिटनला तो एकट्यानं करता आला नसता. आणि लिस्बनच्या विमानतळावर मी माझ्या नेहमीच्या लांब रांगेत उभी असताना मागे वळून पाहिलं, तर निळ्या पासपोर्टांची मोठी थोरली जत्रा. तोच निळा पासपोर्ट, जो फ्रेंच-डच कंपनीनं पोलंडमध्ये छापला. एक आजोबा म्हणाले, इथे नेहमी इतका वेळ लागतो का? मी म्हटलं, हो, वीस वर्षं. सांगताना जो आनंद झाला त्याबद्दल मनापासून आभार.

आता विनंती. 19 मे 2025 ला लंडनमध्ये खाद्यपदार्थांचे कागद हलके करायचं तत्त्वतः ठरलंय. तत्त्वतः म्हणजे पसंती झाली, तारीख काढायची आहे. तेवढी काढायला लावा. आणि चाचांना अजून आचारी मिळालेला नाही, त्यांच्याकडेही कधी बघा. पासष्टीत तंदुरीपुढे स्वतः उभे असतात. मत बदललं का विचारलं की नान उलटतात.

कळावे. लोभ आहेच असं खोटं कशाला लिहू?

आपली,
स्लाउची फराळवाली

ता. क. परत आलेला भुगा फेकवेना, म्हणून रविवारी मिसळीवर घातला. चाचांनी दोनदा मागून घेतला.