फडताळावरची फट

माझ्या आठवणीत आमच्या उज्जैनच्या जुन्या घरातलं फडताळ छताला कधी टेकलेलं नव्हतं. सागवानी, ठेंगण्या पायांचं, वर कोरीव पट्टी असलेलं ते फडताळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं असे. वर कडीपाटाचं छत. पट्टी आणि छत यांच्यामध्ये उजवीकडे बोटभर फट होती आणि डावीकडे, गल्लीकडच्या भिंतीलगत, चांगली दोन बोटं. आजी मात्र शपथेवर सांगायची की तिच्या सासऱ्यांनी ते करून घेतलं तेव्हा वर नखसुद्धा जात नव्हतं.

घर गोपाळ मंदिराच्या मागच्या बाजूला. ते मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं. शिंद्यांची राजधानी 1810 च्या सुमारास उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, तरी त्यांच्यामागे आलेली पुष्कळ मराठी घरं इथेच राहिली. आमचं त्यातलंच एक. दगडी जोतं, लाकडी खांब, मातीच्या जाड भिंती. अशा घरात कुठलीच रेघ दुसऱ्या रेघेला धरून नसते, आणि स्वयंपाकघरात ते सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं, कारण तिथे बाई दिवसाचे कित्येक तास उभी असते.

त्या फटीत काय काय साचे! फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ वर जाई, छताला लागून थंड होई, आणि फडताळाच्या डोक्यावर चिकटा धरे. त्यावर धूळ बसे. मग पुन्हा तेल, पुन्हा धूळ. वर्षाअखेरी तो थर इतका घट्ट होई की फडक्याने निघत नसे. उंदरांना ती जागा फार आवडायची. दसरा झाला की आई स्टुलावर चढायची. पदर कमरेला खोचलेला, एका हातात धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी, दुसऱ्या हातात बोथट सुरी. सुरी फटीत मुठीपर्यंत जायची, पण मान वळवायला जागा नसे, म्हणून ती न बघता, नुसत्या स्पर्शाने खरवडायची. मी खाली स्टूल धरून उभी. काळपट, तुपकट खपल्या माझ्या केसांत पडायच्या. फराळाला हात लावण्याआधी तिला ते काम पुरं करायचंच असे, आणि दुसऱ्या दिवशी तिचा खांदा वर होत नसे. घर बांधणाऱ्यांनी, फडताळ करणाऱ्यांनी त्या खांद्याचा विचार करायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. फट बुजवायचा त्यांचा पहिला उपाय ‘नई दुनिया’च्या जुन्या अंकांचा: कागदाच्या लांब घड्या करायच्या, मैद्याच्या खळीने चिकटवायच्या आणि वरून चुना मारायचा. खळीच्या वासाने झुरळं आली. मग त्यांनी लांबी भरली. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल एकत्र मळून केलेली ही लांबी सुतार लाकडातल्या चिरा बुजवायला पूर्वीपासून वापरत आले आहेत. भरली तेव्हा फार सुरेख दिसली. पण तेल वाळत गेलं तशी ती कडक झाली, आणि एका पावसाळ्यानंतर तिचे पापडासारखे तुकडे कणकेच्या परातीत पडायला लागले.

तेव्हा दादांनी मोजायला घेतलं. फडताळाच्या कडेला, भिंतीवर, त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेपाशी महिना लिहिला. वैशाखातली फट रुंद, भाद्रपदातली अरुंद. दर वर्षी तेच. घर हलत होतं.

हे माळव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. इथली काळी माती उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे पाऊस लागले की तीच माती पाणी पिऊन फुगते. तिच्यातल्या चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर ढकलले जातात. ही ताकद मोठी असते. जाड भिंतींच्या वजनाला माती सहजी उचलू शकत नाही, पण स्वयंपाकघराच्या हलक्या फरशीला उचलते. फरशी वर आली की तिच्यावरचं फडताळही वर जातं, आणि छत भिंतींवर टेकलेलं, ते जिथल्या तिथे. म्हणजे पावसाळ्यात आमचं फडताळ छताकडे सरकायचं आणि उन्हाळ्यात खाली उतरायचं. त्यात मधे कडक लांबी भरली तर ती चिरडणार किंवा सुटणार, तिसरं काही होणं शक्य नव्हतं. आज अशा मातीत बांधताना साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे ऋतूंचा ओलावा पोचत नाही तिथवर, तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब उतरवतात. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत देशभर रुजवली. आमच्या पणजोबांना ती कुठून मिळणार?

मात्र जुन्या सुतारांना लाकडाचं हलणं नीट ठाऊक होतं. त्याच फडताळाच्या दारांत दिलहे, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, खाचेत नुसते सरकवलेले होते, सरस न लावता. पावसाळ्यात रुंदी वाढली तर त्यांना खाचेत शिरायला जागा होती. म्हणून इतक्या वर्षांत एकही दिलहा तडकला नाही. दादांनी एकदा मला नखाने दिलहा हलवून दाखवला होता आणि म्हणाले होते, “हा बघ, सैल आहे म्हणून शाबूत आहे.”

रविवारी कधी ते मला क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत न्यायचे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पडीक झाली होती. माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये तिचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपट्यांनी तिचा कारभार सांभाळला. तिथे सम्राट यंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी तेवीस अंशांहून किंचित जास्त कोन करते, उज्जैनच्या अक्षांशाएवढाच, म्हणजे तिची कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. भित्तियंत्राची भिंत बरोबर दक्षिणोत्तर. दादा तिच्या सावलीकडे बोट दाखवून सांगत की इथे रेघ जरा ढळली तर सगळं गणित ढळेल. मी विचारलं होतं, मग आपल्या घरातली का सरळ नाही? “घरातल्या रेघेवरून कुणी ग्रहण काढत नाही. तिथे आईचा हात पोचला पाहिजे एवढंच.” असं ते म्हणाले, आणि त्या वर्षी त्यांनी आईसाठी कठडा असलेली घडीची शिडी करून घेतली. फट तशीच राहिली.

पुढे आम्ही फ्रीगंजात राहायला आलो. तिथे लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या टाकलेलं छत होतं आणि ओट्यावर लोखंडी कपाटं. तिथेही फट होती, पण आईने तीत वर्तमानपत्रं अंथरली, दर महिन्याला बदलली आणि विषय संपवला.

आता माझ्या घरी आई माझ्याजवळ असते. तिचे गुडघे गेलेत. तरी ओट्यावरच्या कपाटावर धूळ आहे असं तिला कळलं तर मी घरात नसताना ती स्टूल ओढेल, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून स्वयंपाकघर नवं करताना मी एकच अट घातली: कपाटं लॉफ्टसकट छतापर्यंत हवीत आणि वर काही साचायला जागा नको. कपाटं बसवायला आलेली मुलं म्हणाली, वर पीओपी भरून टाकतो, एकसंध दिसेल. मी नको म्हटलं. प्लास्टर एका तऱ्हेने हलतं, प्लाय दुसऱ्या तऱ्हेने, आणि स्लॅबसुद्धा वर्षानुवर्षं स्वतःच्या भाराने किंचित खाली झुकत राहते. सांध्यावर केसाएवढी चीर येणारच, आणि मग पांढरी भुकटी खाली डाळीत.

फ्रीगंजातल्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी पाण्याची नळी धरून कपाटांची सळ तपासली. ती बरोबर होती. मग छत पाहिलं. एवढ्याशा लांबीत ते मधोमध खाली आलेलं, कोपऱ्यात पुन्हा वर गेलेलं. त्यांनी फटीपेक्षा रुंद सागवानी पट्टी घेतली, कपाटाच्या दर्शनी कडेवर सळीत धरली आणि दोन खिळ्यांनी तात्पुरती अडकवली. शाळेतल्या कंपासासारखाच कंपास काढला. त्याचं टोक छताला टेकवलं, पेन्सिल पट्टीवर, आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत संथपणे ओढत नेला. छताला जिथे पोट होतं तिथे पट्टीवर रेघ खाली उतरली, जिथे खळगा होता तिथे वर चढली. “छत की नकल उतार रहा हूँ, दीदी,” ते म्हणाले. मग पट्टी काढून त्या वाकड्या रेघेवर करवत चालवली आणि मागची बाजू रंध्याने तिरपी तासली, म्हणजे छताला फक्त पुढची पातळ कड लागेल आणि अडलं तर तेवढीच घासता येईल. परत लावली तेव्हा, एक कोपरा सोडला तर, कागद सरकेल एवढीच जागा उरली. खिळे त्यांनी कपाटातच मारले, छतात एकही नाही.

उरलेल्या रेघेत मी ॲक्रिलिक सीलंट भरून घेतलं. सिलिकॉनवर रंग धरत नाही, ॲक्रिलिकवर धरतो, आणि ते थोडं ताणलंही जातं. वर-खाली कागदी टेप लावायची, मधे बारीक धार सोडायची, ओल्या बोटाने एका दमात फिरवायची आणि ओलं असतानाच टेप ओढायची. त्या कोपऱ्यात खळगा खोल होता, तिथे आधी फोमची दोरी खुपसली; नाहीतर सीलंट आत तीन बाजूंना चिकटतं, ताणायला मोकळं राहत नाही आणि फाटतं. पेन्सिलीच्या जाडीहून मोठ्या फटीत नुसतं सीलंट कोंबू नये, तिथे पट्टीच हवी, असं मिस्त्रींचं मत होतं आणि मला ते पूर्ण पटतं. बाजारात ट्यूब विकणारे वेगळं सांगतात, तरीही.

काम झाल्यावर आईने खालूनच बराच वेळ वर पाहिलं. पहिला प्रश्न, “पालीला जागा नाही ना?” दुसरा, “दिवाळीला मग पुसायचं काय?” मी म्हटलं, काहीच नाही. तिला ते लगेच पटलं नाही. शेवटी तिने कपाटाच्या दारांवरून हात फिरवला आणि हँडलांभोवती तेलकट डाग शोधून काढले.

महानंदानगरातल्या वहिनीलाही असंच करून हवंय, आणि ती वैशाखातच करू म्हणत होती. तिला मी थांबायला सांगितलंय. तिचं घर जुनं, तळमजल्याचं, खाली काळी माती. वैशाखात फट सगळ्यात रुंद, तेव्हा भरलेलं सीलंट पावसाळ्यात दबून बाहेर येईल. भाद्रपदात भरलं तर उन्हाळ्यात ताणून तुटेल. कार्तिकात जमीन धड ओली नसते, धड सुकलेलीही नसते आणि फट मधल्या मापाची असते. मिस्त्रींचा नंबर तिला दिलाय, आणि तोवर भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारत जा म्हणून सांगितलंय.