उठवणारे हात आणि उठणारा माणूस



आमच्या घरी तीन वर्षे पहाटे चारचा गजर वाजत असे तो आमच्या आईच्या उशाशी. पण उठायचे असे ते आमच्या पुतण्याला. तो लहान असताना मेंदूज्वरात त्याचे ऐकणे गेले. बहिऱ्या मुलांच्या शाळेत तो दहावी झाला आणि आमच्याकडे राहून एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागला. पहिली पाळी सकाळी सातची. आई चारला उठे, त्याच्या पायाचा अंगठा धरून हलवी, तो उठून बसला की मग चहाचे आधण ठेवी. गुडघे धरलेल्या म्हातारीने किती दिवस हे करायचे, असे आम्ही म्हटले की तिचे उत्तर ठरलेले असे, "सुभेदार रामजीबाबा नाही का आपल्या भिवाला रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत? मग मी नातवाला उठवलं तर काय बिघडलं?" परळच्या चाळीतील त्या एका खोलीची हकीकत आम्हा सर्वांनाच पाठ. त्यावर आम्ही काय बोलणार?

गेल्या वर्षी गावाकडे चुलत्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आम्ही सर्वजण गेलो. पुतण्याला रजा नव्हती, तो एकटा राहिला. आपल्याला जाग येणार नाही या भीतीने पोरगा रात्रभर दिवा लावून बसला. तीनच्या सुमारास डोळा लागला, तो उघडला नऊ वाजता! त्या दिवसाची मजुरी गेली. शिवाय मुकादमाने खुणेने विचारले, रोज उठवायला आई लागते का? चार कामगार हसले. मजुरीपेक्षा ते हसणे त्याला लागले.

आम्ही परत आलो आणि घरात बसून निर्णय घेतला, की यापुढे त्याला एकटे ठेवायचे नाही. नाहीतर ही नोकरीच सोडून जवळपास दुपारचे काम बघायचे. निर्णय आम्ही घेतला, त्याला फक्त कळवला. त्याने दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर एकच ओळ लिहून आमच्यासमोर ठेवली : "तुम्ही नसाल तेव्हा?"

वस्तीत आम्ही स्वावलंबनावर भाषणे देतो. विहारात स्वयंदीप होण्याचा उपदेश ऐकतो आणि ऐकवतो. आणि आमच्याच घरात चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलाला आम्ही झोपेतून उठण्यापुरतेही त्याच्या पायावर उभे राहू दिले नव्हते. प्रेम होते, पण त्या प्रेमाने त्याला बांधून ठेवले होते. रामजीबाबा १९१३ साली गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले. तिथे त्यांना उठवायला कोण होते? मुलगा पुढे आपला आपण उभा राहावा, म्हणूनच बापाने त्याला उठवले होते. आईला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग शोधा काहीतरी."

शोध सुरू झाला. आधी मोबाईल थरथरण्यावर ठेवून उशीखाली घातला. कापसाच्या जाड उशीने ती थरथर गिळून टाकली. दुसऱ्या दिवशी मोबाईल सरकून गादीखाली गेला. उशीच्या अभ्र्याला आतून खिसा शिवला तेव्हा थोडे जमले. पण गाढ झोपेत तेवढ्याने भागेना. एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी : चार्जिंगला लावलेला मोबाईल उशीखाली कधीही ठेवू नये, तो तापतो.

मग दिव्याला टायमर लावून पाहिला. ठरल्या वेळी दिवा तोंडावर लागतो. पण भिंतीकडे तोंड केले किंवा पांघरूण डोक्यावर घेतले की दिवा फुकट, आणि एका खोलीत झोपलेले बाकीचे सगळे जागे! लुकलुकणारे दिवेही मिळतात, पण घरात कोणाला फिट येत असेल तर ते लावू नयेत.

शेवटी कामी आले ते दोन उपाय. पहिला, मनगटावर बांधायचा बँड. त्यात वेळ लावली की तो मनगटावर थरथरतो. शेजारच्याला पत्ताही लागत नाही. पट्टा सैल नसावा, रात्री चार्जिंग पाहावे आणि पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दोन-तीन गजर लावावेत. दुसरा, बहिऱ्यांसाठीच केलेले घड्याळ. त्याला वायरने जोडलेली चकती असते, ती गादीखाली किंवा उशीखाली ठेवायची. आतल्या मोटारीला एका बाजूला वजन असते. मोटार फिरली की अख्खी गादी हादरते. कानाचे काम कातडी करते. घेताना वीज गेल्यावरही चालते का, एवढे विचारून घ्यावे.

पुतण्याने बँड स्वतःच्या पगारातून घेतला. त्याचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

ज्यांना श्रवणयंत्राने दिवसा ऐकू येते, तेही रात्री यंत्र काढून झोपतात. म्हणजे त्यांचीही अडचण हीच. आणि बहिऱ्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की "रात्री बाळ रडलं तर तिला कळणार कसं?" असा प्रश्न करून आपण तो विषयच मिटवतो. बाळाच्या रडण्याने, दारावरच्या बेलने दिवा लावणारी किंवा चकती हलवणारी साधनेही आहेत. प्रश्न योग्य आहे, पण तो मुलीला नाकारण्यासाठी नव्हे, उत्तर शोधण्यासाठी विचारावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत बहिऱ्या व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. आरक्षणाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. पण जागा मिळाल्यावर वेळेवर पोचायचे असेल, तर पहाटेची ही साधी गोष्टही सुटली पाहिजे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे कानाच्या तपासणीची आणि साधनांची चौकशी करता येते. केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात. सूचना देणाऱ्या साधनांचीही तिथे विचारणा करावी. ज्यांनी अजून दिव्यांगत्वाचे युडीआयडी कार्ड काढले नसेल, त्यांनी आधी ते काढावे. अर्ज भरायला अडचण असेल तर विहारातील शिकलेल्या तरुणांनी रविवारी वंदनेनंतर तासभर बसावे. हेही समाजकार्यच.

आईला अजून चारला जाग येते. सवय कुठे जाते? पण आता ती अंथरुणातच पडून राहते. पुतण्या आपला आपण उठतो, चहा करतो आणि निघण्यापूर्वी आजीच्या पायाचा अंगठा धरून हलवतो. चहा तयार आहे, ऊठ, असे खुणेने सांगतो. म्हातारी जागीच असते, तरी ती झोपेतून उठल्यासारखे करते.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, शेजारात असे कोणी असेल तर त्याला जरूर उठवा. पण त्याला आपले आपण उठता येईल, याचीही सोय करा.