सात मिलिमीटर

ताईच्या भट्टीचा हिशोब मी लॅपटॉपवर केला होता. आत एक मीटर रुंदीची चौकोनी जागा, वर विटांची कमान, गॅसचे दोन बर्नर, तापमान 1200 अंश. सगळं एक्सेलमध्ये. बाबा कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी फक्त वेल्डिंग करायचं, असं ठरलं. ‘फक्त’ हा शब्द माझा.

कमान बाजूच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. म्हणून चार कोपऱ्यांत लोखंडी अँगल उभे करतात आणि आटे पाडलेल्या सळयांनी ते एकमेकांना बांधतात. एवढं मी वाचलं होतं. मी नट गच्च आवळले. विटाही चिकटून लावल्या, एकही फट ठेवली नाही.

बाबा एकदा म्हणाले, “थोडी जागा सोडायची का?”

“बाबा, हिशोब केलाय मी.”

ते पुढे बोलले नाहीत.

कच्ची भाजणी निभावली. झिलईच्या भाजणीत मात्र 1100 अंशांच्या पुढे ‘कड्’ असा आवाज आला. दोन दिवसांनी दार उघडलं, तर मागच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर. कमानीतल्या विटांच्या कडा चुरडलेल्या, त्यांचे कपचे ताईच्या मगांवर पडून झिलईत चिकटलेले. नोकरी सोडल्यानंतरची तिची पहिली ऑर्डर होती ती. ताई काहीच बोलली नाही. एकेक मग उचलून खोक्यात टाकत राहिली.

रात्री गणित मांडलं. अशी वीट दर अंशाला, दशलक्ष भागांत साधारण 6 भाग वाढते. एक मीटर भिंत, 1200 अंश: सात मिलिमीटर. भिंतीची आतली बाजू एवढी फुगणार. बाहेरचं लोखंड त्या मानाने थंडच, ते तेवढं लांबणार नाही. म्हणजे सात मिलिमीटरना जायला जागाच नव्हती. अकरावीतलं सूत्र.

“तुम्हाला माहीत होतं ना?” मी बाबांना विचारलं.

“वाफेच्या पाइपाला मधेच यूसारखं वळण का देतात? तापला की लांबतो तो. सरळ ठेवला तर आधार उखडतो.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“तू हिशोब केला होतास.”

दुसऱ्यांदा भिंती रचल्या त्या बाबांच्या सांगण्यावरून. विटांमध्ये ठरावीक अंतरावर फटी सोडल्या, त्यांत सिरॅमिक फायबर भरलं. नट आणि अँगलच्या मधे जाड स्प्रिंगा घातल्या. धरून ठेवायचं, पण जखडायचं नाही. बाबांनी सळईवर अँगलला लागून खडूने खूण केली.

रात्री दोन वाजता त्यांनी टॉर्च मारून दाखवलं. अँगल बाहेर सरकला होता, स्प्रिंग दबली होती, खूण झाकली गेली होती. भट्टी गार झाल्यावर खूण पुन्हा दिसायला लागली. भिंतीला एक बारीक चीर या वेळीही पडली.

“बाबा, ही?”

“असू दे. तापली की मिटते ती.”

ताई तोवर मग मोजत होती. सगळे शाबूत होते.